सांभाळणाऱ्याचा सांभाळ

साठी बुद्धि नाठी ही म्हण आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलों आहों. तिच्यांत थट्टा आहे, आणि थट्टेच्या आड एक सोयहि आहे. घरांतील वृद्ध माणूस एकच प्रश्न दहा वेळां विचारूं लागलें, पोटच्या मुलाला परका समजूं लागलें, मध्यरात्रीं ‘मला घरीं जायचें आहे’ म्हणून दाराशीं उभें राहिलें, कीं ‘म्हातारचळ’ हा शब्द उच्चारून घरानें गप्प बसावें, ही ती सोय. त्या शब्दामुळें वैद्याकडे जाणें टळतें. आणि त्या माणसाचें रात्रंदिवस करणारी जी सून, पत्नी किंवा मुलगी, तिच्या कष्टांना नांवच उरत नाहीं. आज सांगावयाचा इतिहास या दुसऱ्या व्यक्तीचा आहे.

रोगाचा इतिहास जर्मनींत सुरू होतो. १९०१ सालीं फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयांत ५१ वर्षांची एक स्त्री दाखल झाली. तिला घरीं सांभाळणें नवऱ्याला अशक्य झालें होतें. तिच्या मृत्यूनंतर डॉ. आलॉइस अल्झायमर यांनीं तिच्या मेंदूची तपासणी केली व ३ नोव्हेंबर १९०६ रोजीं ट्यूबिंगेन येथील सभेंत आपलें निवेदन सादर केलें. १९१० सालीं या व्याधीला त्यांचें नांव मिळालें. शास्त्राची दृष्टि मेंदूवर खिळली. त्या नवऱ्यासारख्यांचें काय, हा प्रश्न संघटितपणें पुढें येण्यास आणखी सत्तर वर्षें लागावयाचीं होतीं.

दूरध्वनीची कथा तोंवर निराळ्याच वाटेनें चालली होती. मुंबईंत १८८२ च्या जानेवारींत केंद्र उघडलें, तें पेढ्या, कचेऱ्या आणि मोजके धनिक यांच्या उपयोगाचें. दुःखिताचें ऐकून घेण्याचें साधन म्हणून या यंत्राकडे पुष्कळ पुढें पाहिलें गेलें. लंडनमधील चॅड व्हारा या धर्मोपदेशकानें नोव्हेंबर १९५३ मध्यें आपल्या चर्चमधील दूरध्वनीचा क्रमांक जाहीर करून, जीव नकोसा झालेल्यांनीं बोलावें असें आवाहन केलें. लवकरच असें दिसून आलें कीं, आलेल्यांना चहा देणाऱ्या साध्या स्वयंसेवकांशीं बोलूनच अनेकांचें मन हलकें होतें. ऐकण्यासाठीं पदवी लागत नाहीं, हा धडा तेथें मिळाला.

हे दोन प्रवाह १९८० च्या सुमारास जवळ आले. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठीं व त्यांच्या कुटुंबीयांसाठीं ब्रिटनमध्यें १९७९ सालीं आणि अमेरिकेंत १९८० सालीं संस्था निघाली. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत अमेरिकेंतील एका लोकप्रिय सल्ला-सदरांत या व्याधीविषयीं पत्र छापलें गेलें, आणि नव्या संस्थेकडे हजारों पत्रें येऊन पडलीं. पुढें १९८७ सालीं न्यूयॉर्क विद्यापीठांत मेरी मिटलमन व त्यांचे सहकारी यांनीं एक दीर्घ पाहणी आरंभिली. आपल्या जोडीदाराची शुश्रूषा करणारे ४०६ लोक तींत होते. निम्म्यांना सल्ल्याच्या सहा भेटी, समदुःखितांचें मंडळ आणि लागेल तेव्हां दूरध्वनीवर सल्ला, असा आधार देण्यांत आला. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें या घरांतील रुग्णांना शुश्रूषागृहांत ठेवण्याची वेळ मध्यमानानें ५५७ दिवसांनीं लांबली. सहांपैकीं चार भेटी घरांतील इतर माणसांसह झाल्या होत्या, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आपल्या देशांत या कार्यासाठीं १९९२ सालीं केरळांत अल्झायमर संस्था स्थापन झाली. आपल्या शेजारीं गोव्यांत, तिसवाडी व बार्देश या तालुक्यांत, ८१ कुटुंबांवर एक प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत २००८ सालीं प्रसिद्ध झाला. शिकवून तयार केलेले स्थानिक कार्यकर्ते घरोघर जाऊन समजूत देत. सहा महिन्यांत शुश्रूषा करणाऱ्यांचें मनःस्वास्थ्य सुधारल्याचें आढळलें. पण घरीं येणारा कार्यकर्ता रात्रीं दोन वाजतां येऊं शकत नाहीं. ज्येष्ठांसाठींचा १४५६७ हा क्रमांक १ ऑक्टोबर २०२१ पासून देशभर सुरू झाला. त्याची वेळ सकाळीं आठ ते रात्रीं आठ. १० ऑक्टोबर २०२२ रोजीं निघालेला १४४१६ हा मानसिक आरोग्याचा क्रमांक अहोरात्र चालतो व त्यावर मराठींत बोलतां येतें. दोन्ही केवळ स्मृतिभ्रंशासाठीं नाहींत. तरी दार उघडें आहे.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यांत या दाराचें महत्त्व विशेष आहे. चंदगडाहून कोल्हापूर सुमारें शंभर किलोमीटर. गगनबावडा, शाहूवाडी येथील वाड्यावस्त्यांची वाट घाटांची. रुग्णाला एकटें सोडतां येत नाहीं आणि बरोबर नेतां येत नाहीं, अशा बाईला सल्ला घरींच मिळाला पाहिजे. मामंजी ‘घरीं जायचें’ म्हणून हट्ट धरतात, तेव्हां ‘हेंच तुमचें घर’ असा वाद घालूं नये. त्या जुन्या घराविषयीं विचारावें, अंगणांत एक फेरी मारावी. पण एकदोन दिवसांतच बरळणें वा गुंगी वाढली, तर तें वय समजूं नये. ताप, लघवीचा विकार किंवा एखादें औषध यांमुळें तसें होतें, डॉक्टर तांतडीनें गांठावा. एवढें कुणी आपल्या भाषेंत सांगितलें, तरी एक रात्र सुसह्य होते.

२०२३ सालच्या एका मोठ्या पाहणीप्रमाणें भारतांत साठीपुढील शंभरांपैकीं सुमारें सात जणांना, म्हणजे अंदाजें ८८ लाख लोकांना ही व्याधि आहे. तितक्याच घरांत कुणीतरी जागें आहे. परंतु भरल्या घरांत, सासू, दीर, जावा यांच्या देखत, सून आपला शीण दूरध्वनीवर कसा सांगणार? यंत्र खिशांत आलें, एकांत आला नाहीं. म्हणून न्यूयॉर्कच्या त्या चार भेटींचा अर्थ आपणहि घ्यावा. तो क्रमांक दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा, आणि घरांतील दुसऱ्या कुणीं अर्धा तास म्हाताऱ्या माणसाजवळ बसावें, म्हणजे तिला माडीवर जाऊन मोकळेपणानें बोलतां येईल.