मुंबई केंद्राची कुळकथा

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याला लागलं की मुर्धा, राई, मोर्वा ही गावं एकामागोमाग येतात. राईच्या लोकांचं रेडिओ केंद्र म्हणजे मुंबईच. या केंद्राचा साचा दर काही वर्षांनी बदलत गेला. तो का बदलला हे पाहायचं तर केंद्राचा पैसा कुठून येत होता ते आधी पाहावं लागतं.

23 जुलै 1927 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन केलं. दीड किलोवॅटचा प्रक्षेपक, आवाका साधारण 48 किलोमीटर. राई त्या वर्तुळात बसत होती. पण वर्षाला दहा रुपये परवाना फी आणि वर संचाची किंमत कोणाच्या आवाक्यात होती? 1927 संपताना साऱ्या देशात परवाने होते 3,594. साहजिकच कार्यक्रम त्या मूठभर साहेबी आणि सुखवस्तू घरांसाठी होते. एवढ्या फीवर कंपनीचं भागलं नाही. मार्च 1930 मध्ये ती बुडाली आणि पुढच्याच महिन्यात सरकारनं केंद्र ताब्यात घेतलं.

जून 1936 मध्ये नाव पडलं ऑल इंडिया रेडिओ. प्रसारणाची सभा सुरू होण्याआधी वाजणारी ती ओळखधून याच सुमाराची. तिचं श्रेय दिलं जातं वॉल्टर कॉफमन यांना. नाझींच्या छायेतून निसटून ते मुंबईला आले आणि इथल्या केंद्रावर पाश्चात्त्य संगीत सांभाळू लागले. एका निर्वासितानं बांधलेल्या त्या सुरावटीवर पुढे लाखो घरांची सकाळ उजाडली. मला ही या साऱ्या कथेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

स्वातंत्र्यानंतर परवाने वाढले आणि श्रोता म्हणजे कोण, याचं उत्तरही पसरलं. बायकांसाठी ‘वनिता मंडळ’, मुलांसाठी ‘गंमत जंमत’, गिरणीतून सुटलेल्यांसाठी ‘कामगार सभा’. दिवसाचे असे वाटे पडले. नभोनाट्य, श्रुतिका, संगीतिका हे प्रकार माइकसमोरच वाढले. ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकेमध्ये पंत झाले होते बाळ कुडतरकर, मीनावहिनी नीलम प्रभू आणि टेकाडे भावोजी प्रभाकर जोशी. तिघांच्या घरगुती गप्पा, एवढंच. महागाई, पाहुणे, एखादी सरकारी योजना. पण टेकाडे भावोजींचा आवाज आला की ऐकणाऱ्याला आपल्याच ओटीवर कोणी येऊन टेकल्यासारखं वाटे. पडदा नाही, नेपथ्य नाही, नुसत्या आवाजावर घर उभं करायचं ही कारागिरी आहे. ‘भावसरगम’नं मराठी भावगीताला घराघरांत जागा करून दिली तीही याच काळात.

या घरांतला संच आठवा. भिंतीला ताणलेली तांब्याच्या जाळीची एरियल, बटण फिरवल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंतची वाट, मग काट्याखालची खरखर विरून निवेदिकेचा स्वच्छ आवाज. शेजारच्या खणात फीची तिकिटं चिकटवलेलं परवान्याचं पुस्तक. फी भरणारा प्रत्येक जण या केंद्राचा थोडासा मालक होता, असं मी मानतो.

पण या मालकाला हवी होती सिनेमाची गाणी. बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि 1952 नंतर ती गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काटा रेडिओ सिलोनकडे वळवला. तिथली अमीन सायानींची गीतमाला घरोघर पोचली. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू करावी लागली. दहा वर्षांनी, 1 नोव्हेंबर 1967 रोजी मुंबई, पुणे आणि नागपूरहून तिच्यावर जाहिराती लागल्या. साचा खरा पालटला तो इथे. श्रोत्याचा रुपया मागे पडला, जाहिरातदाराचा पुढे आला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत परवाना फीही संपली.

पुढचं भराभर झालं. 1993 पासून आकाशवाणीच्या एफएम वाहिनीचे तास मुंबई-दिल्लीत खाजगी कंपन्यांना विकले जाऊ लागले. 2002 मध्ये मुंबईत खाजगी वाहिन्याच आल्या. वर्षाचा परवाना तेव्हा 9 कोटी 75 लाखांचा आणि तोही दरवर्षी 15 टक्क्यांनी वाढणारा. एवढा पैसा वसूल करायचा तर दोन गाण्यांमध्ये कोणाला सविस्तर बोलू देणार? आरजे आले, तीच ती गाणी फिरू लागली, श्रोता म्हणजे ट्रॅफिकमध्ये अडकलेला गाडीवाला ठरला. स्वतःच्या बातम्या द्यायची तर या वाहिन्यांना परवानगीच नाही. मुंबई केंद्राची अस्मिता वाहिनी मराठी बोलत राहिली. आता मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्येही ती ऐकू येते, मात्र तिच्यासाठी मुद्दाम संच लावणारी घरं विरळ झाली.

राईसारख्या गावाचं, तिथल्या मिठागरांचं आणि शेतीचं बोलणं यांतल्या कुठल्याच साच्यात बसलं नाही. त्यासाठी एक वेगळी वाट आहे. 2006 च्या धोरणानं शिक्षणसंस्थांबरोबर स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओचा परवाना मिळू लागला. साताऱ्यात म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी 2008 पासून त्या भागातल्या बायकांच्या आणि शेतकऱ्यांच्या तोंडची भाषा बोलते आहे. असं छोटं केंद्र राईत बसवलं तर पलीकडे उत्तन आणि अलीकडे भाईंदर त्याच्या टप्प्यात येईल. भाईंदरमधल्या महाविद्यालयांनी आणि गावातल्या मंडळांनी एकत्र बसून त्याच्या परवान्यासाठी अर्ज करावा.