शाम नावाचा घोडा

घोड्यांच्या शर्यतींतलं मला फारसं कळत नाही हे आधीच सांगून टाकतो. महालक्ष्मीचा रेसकोर्स मी आजवर बाहेरूनच पाहिलाय, आणि घोड्यावर पैसे लावणं हे आमच्या घरी पापातच जमा. पण एका शर्यतीची फिल्म मात्र मी यूट्यूबवर कितीदा पाहिलीय याची मोजदाद नाही. तारीख ९ जून १९७३, ठिकाण न्यूयॉर्कचं बेलमाँट पार्क. अंतर दीड मैल, घोडे फक्त पाच.

या शर्यतीबद्दल ज्यांनी ऐकलंय त्यांना एकच नाव माहीत असतं: सेक्रेटेरियट. तो जिंकला, आणि नुसता जिंकला नाही तर ३१ लांबींनी जिंकला. (शर्यतीतलं अंतर घोड्याच्या लांबीत मोजतात. ३१ लांबी म्हणजे साधारण पाऊणशे मीटर!) शेवटी शेवटी कॅमेऱ्याला बाकीचे घोडे चौकटीत मावेनात. वेळ २ मिनिटं २४ सेकंद. पन्नास वर्षं उलटून गेली, तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

पण मला आज बोलायचंय ते त्या शर्यतीत शेवटून पहिल्या आलेल्या घोड्याबद्दल. त्याचं नाव शाम.

नाव ऐकून आपल्याला साने गुरुजी आठवतात, पण त्याचा इथे काही संबंध नाही. त्याच्या बापाचं नाव प्रिटेन्स, म्हणजे ढोंग किंवा सोंग. बापाच्या नावावरून पोराचं नाव ठेवायची तिकडे पद्धत आहे. इंग्रजीत शाम म्हणजेही तेच, बतावणी. इतक्या खऱ्या घोड्याला इतकं खोटं नाव!

दोघेही १९७० सालचे. सेक्रेटेरियट व्हर्जिनियातल्या 'द मेडो' या फार्मवर ३० मार्चला जन्मला, तर शाम केंटकीतल्या क्लेबॉर्न फार्मवर थोड्याच दिवसांनी. क्लेबॉर्नचे मालक १९७२ मध्ये वारले, त्यांचे घोडे विकायला निघाले, आणि सिग्मंड सॉमर यांनी शामला दोन लाख डॉलरना घेतला. ट्रेनर होते फ्रँक मार्टिन, सगळे त्यांना पांचो म्हणत. जॉकी लाफिट पिंकाय. म्हणजे मालक, ट्रेनर, जॉकी, कुठेच काही कमी नव्हतं.

१९७३ च्या वसंतात शामने कॅलिफोर्नियातली सांता अनिता डर्बी जिंकली. मग एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला वुड मेमोरियल शर्यतीत दोघे पहिल्यांदा समोरासमोर आले, आणि गंमत म्हणजे तिथे शाम सेक्रेटेरियटच्या पुढे राहिला. जिंकला तिसराच, अँगल लाइट नावाचा घोडा. शाम अगदी डोक्याएवढ्या फरकाने दुसरा, सेक्रेटेरियट तिसरा. नंतर कळलं की सेक्रेटेरियटच्या तोंडात गळू झालं होतं. पण तेव्हा बऱ्याच लोकांना वाटलं, फुगा फुटला. कारण तोवर त्याच्या प्रजननाचे हक्क साठ लाख डॉलरहून जास्त किमतीला विकले गेले होते. त्या दोन आठवड्यांत मार्टिनसाहेबांची छाती किती फुगली असेल!

५ मे, केंटकी डर्बी. सव्वा मैल, तेरा घोडे. सुटतानाच शामचं डोकं गेटवर आपटलं आणि त्याचे दोन दात पडले. तरी तो तसाच पळाला आणि वळणावर आघाडीलाही आला. पण मागून सेक्रेटेरियट येत होता. त्या दिवशी त्याने पाच पाव-मैलांपैकी प्रत्येक पाव मैल आधीच्यापेक्षा कमी वेळात कापला. माणूस असो की घोडा, दमत जातो तसा हळू होतो. हा उलटा वाढतच गेला. वेळ १ मिनिट ५९.४ सेकंद. शाम अडीच लांबी मागे.

आता जरा हिशोब करा. अडीच लांबी म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद. तेव्हा दुसऱ्या घोड्याची वेळ अधिकृतपणे घेत नसत, पण या हिशोबाने शामनेही ती डर्बी दोन मिनिटांच्या आत संपवली. ही शर्यत १८७५ पासून दरवर्षी होते. अधिकृत नोंदीनुसार दोन मिनिटांच्या आत जिंकलेले घोडे दोनच, सेक्रेटेरियट आणि २००१ सालचा मोनार्कोस. म्हणजे दात पडलेल्या, रक्ताळलेल्या तोंडाने शाम जसा पळाला तसा पळून तो जवळपास कुठल्याही वर्षी जिंकला असता. कर्णाला निदान शाप तरी होते. याचा दोष काय, तर १९७० साली जन्मला.

दोन आठवड्यांनी बाल्टिमोरला प्रीकनेस. पुन्हा सेक्रेटेरियट पहिला, पुन्हा शाम दुसरा, आणि फरक पुन्हा अडीच लांबी! (तिथलं घड्याळ बिघडलं होतं. वेळेचा वाद थेट २०१२ मध्ये मिटला आणि विक्रम याच घोड्याच्या नावावर लागला.)

आणि मग बेलमाँट. तिन्ही शर्यती जिंकून तिहेरी मुकुट मिळवणारा घोडा १९४८ च्या सायटेशननंतर झालाच नव्हता. पंचवीस वर्षं सगळा देश वाट पाहत होता. सेक्रेटेरियट 'टाइम' आणि 'न्यूजवीक'च्या मुखपृष्ठावर झळकला होता. दोन डॉलर लावले तर जिंकून परत मिळणार दोन डॉलर वीस सेंट. जिंकणारी ५,६१७ तिकिटं तर लोकांनी वटवलीच नाहीत, आठवण म्हणून ठेवून दिली.

अशा घोड्यासमोर शामच्या गोटाने काय करायचं? दोन वाटा होत्या. मागे राहून दुसरा क्रमांक पदरात पाडून घ्यायचा, किंवा सुरुवातीपासून त्याच्या खांद्याला खांदा लावून पळायचं आणि त्याला दमवायचं. त्यांनी दुसरी वाट धरली. फिल्ममध्ये पहिलं वळण बघा. बाकीचे तिघे मागे, हे दोघे जोडीने सुसाट. पहिला पाऊण मैल १ मिनिट ९.८ सेकंदांत गेला. दीड मैलाच्या शर्यतीत असला वेग म्हणजे वेडेपणाच.

त्यानंतर शाम संपला. एकेक घोडा त्याच्या पुढे निघून गेला. पिंकायने त्याला फार ताणलं नाही. दुसरा आला ट्वाइस अ प्रिन्स, जो सेक्रेटेरियटच्या नादी कधी लागलाच नव्हता. जिंकायला निघालेला एकच प्रतिस्पर्धी होता, आणि तोच पाचवा आला. मला ही शर्यत पुन्हा पुन्हा बघावीशी वाटते ती यासाठी. निकालाच्या तक्त्यात हे कुठेच दिसत नाही. पाचवा म्हणजे पाचवा.

त्यानंतर शाम कधीच पळाला नाही. जुलैत त्याच्या पायाचं हाड मोडल्याचं कळलं आणि तो निवृत्त झाला. सेक्रेटेरियटचा पुतळा आज बेलमाँटला आहे. त्याच्यावर २०१० मध्ये डिस्नेने सिनेमा काढला, त्यात शामच्या गोटाच्या वाट्याला बढाईखोर खलनायकाची भूमिका आली. असो.

शेवटची एक गोष्ट. सेक्रेटेरियट ऑक्टोबर १९८९ मध्ये गेला. शवचिकित्सा करणारे डॉक्टर थॉमस स्वर्झेक त्याचं हृदय पाहून थक्क झाले, पण त्यांनी ते वजन केलं नाही. १९९३ मध्ये शाम गेला, तेव्हा तेच डॉक्टर होते. या वेळी मात्र त्यांनी वजन केलं: १८ पौंड, म्हणजे आठ किलोच्या वर. साधारण घोड्याचं याच्या निम्मं भरतं. आणि दोन्ही हृदयं पाहिलेली असल्यामुळे, शामच्या वजनावरून त्यांनी सेक्रेटेरियटच्या हृदयाचा अंदाज बांधला, सुमारे २२ पौंड.

सेक्रेटेरियटची गोष्ट सांगताना हा २२ चा आकडा सगळेच सांगतात. तो शामच्या हृदयावरून काढलाय हे फारसं कुणी सांगत नाही.

फिल्म मिळाली तर जरूर बघा. शेवट सगळेच बघतात. तुम्ही पहिला पाऊण मैल बघा, आणि कडेच्या बाजूने पळणाऱ्या सेक्रेटेरियटला सोडून त्याच्या शेजारच्याकडे लक्ष ठेवा.