शाहीर अमर शेख, त्यांचे कलापथक आणि आपल्या घरातील मराठी

मराठवाड्यातील मुसलमानाचे संगीत म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी उभ्या राहतात. एक कव्वाली आणि दुसरी गझल. उरूस असला की कव्वालीचा मुकाबला, मुशायरा असला की तरन्नुममधली गझल. या दोन्ही गोष्टी आपल्या आहेत आणि त्यांचा अभिमान आपल्याला आहेच. पण पोवाडा, लावणी, ओवी, छक्कड यांचा विषय निघाला की आपल्यातील शिकलेली माणसेदेखील 'ते त्यांचे' म्हणून मोकळी होतात. पलीकडचे लोकही ही वाटणी बिनबोभाट मान्य करतात. नांदेड-लातूरकडे उर्दू माध्यमाच्या वर्गांत शिकवताना आम्ही हे वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. इतिहास मात्र ही वाटणी मान्य करीत नाही.

मुळात 'शाहीर' हा शब्दच अरबी 'शाइर'वरून मराठीत आला. शाहिराच्या हातातला डफ हाही अरबी 'दफ'. पेशवाईच्या उत्तरकाळात राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, परशराम यांच्या बरोबरीने ज्याचे नाव घेतले जाते तो सगनभाऊ मुसलमान होता, शिकलगार होता. त्याच्या लावण्या गाणाऱ्या फडकऱ्यांनी त्याची जात विचारली नाही. म्हणजे ज्या कलेला आपण 'त्यांची' म्हणून सोडून देतो, तिच्या नावात, वाद्यात आणि परंपरेत आपली माणसे आधीपासून बसलेली आहेत. विसाव्या शतकातील या परंपरेचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे शाहीर अमर शेख आणि त्यांचे लालबावटा कलापथक.

१९४४ साली मुंबईत अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तीन शाहिरांनी हे कलापथक उभे केले. आजची मुले ज्याला बँड म्हणतात तसाच हा प्रकार होता. चार-दोन वाद्ये, मोजकी माणसे, स्वतःची गाणी आणि समोर हजारोंचा जमाव. फरक एवढाच की यांच्याजवळ गिटार आणि ड्रमऐवजी डफ, ढोलकी, तुणतुणे आणि झांज होती, आणि तिकीट लावायला थिएटर नव्हते. गिरणगावातील चाळींची पटांगणे, कामगार मैदाने, शेतकऱ्यांच्या परिषदा हाच त्यांचा रंगमंच. या माणसांनी आपले संगीत कुठून आणले, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो. कारण यांपैकी कोणीही संगीताच्या विद्यालयात गेलेला दिसत नाही.

अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, गाव बार्शी. लातूरकरांना बार्शी परकी नाही. त्या काळी बार्शी इंग्रजांच्या मुलखात आणि लातूर निजामाच्या राज्यात होते; पण १९११ पासून बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज गाडी दोन्ही गावांना जोडत होती. माल, मजूर, बातम्या आणि गाणी, सारे काही त्या छोट्या गाडीतून सरहद्द ओलांडत असे. अशा गावात एका गरीब मुसलमान घरात मेहबूब वाढला. आईचे नाव मुनेरबी. आईच्या तोंडच्या ओव्या आणि लोकगीते हीच त्याची पहिली तालीम. पुढे महाराष्ट्राने ज्या आवाजाला डोक्यावर घेतले, त्या आवाजातली मराठी अशी आईच्या कुशीत शिकलेली होती.

पुढचे शिक्षण पोटाने दिले. मोटारीवर क्लीनर म्हणून काम केले, गिरणीत काम केले. गिरणीतल्या संपात पुढे राहिल्यामुळे तुरुंगात जावे लागले. विसापूरच्या तुरुंगात त्यांची गाठ कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकरांशी पडली आणि ते कम्युनिस्ट विचारांकडे ओढले गेले. नंतर कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत काम मिळाले आणि तिथेच मेहबूब पटेलचा 'अमर शेख' झाला. ओवीची लय, मजुरांच्या घोषणांचा ठेका आणि स्टुडिओत पाहिलेले नाट्य अशा तीन गोष्टी गाठीला बांधून हा तरुण मुंबईत आला.

अण्णाभाऊंची वाट निराळी होती. जन्म १ ऑगस्ट १९२०, वाळवा तालुक्यातील वाटेगाव, मातंग समाज. शाळेत दोन दिवसांपलीकडे टिकले नाहीत असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. वडिलांबरोबर वाटेगावाहून पायी मुंबई गाठली. मिळेल ते काम केले, पुढे नातलग बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात शिरले. ढोलकीची थाप, वगातली हजरजबाबी, लोकांना हसवता हसवता अंतर्मुख करण्याची हातोटी त्यांनी तिथे कमावली. तमाशा मातंग-महार कलावंतांनी जगवला; पण प्रतिष्ठितांनी त्याला ओवाळून टाकलेली कला मानले. अण्णाभाऊंनी त्याच तमाशाला नवे अंग दिले. सुरुवातीच्या गणात गणपतीऐवजी कष्टकऱ्यांना आणि मातृभूमीला वंदन आले, गवळणीला फाटा दिला, आणि वगाला 'लोकनाट्य' हे नाव रूढ झाले. गव्हाणकर हे या दोघांचे जोडीदार, स्वतः गीते रचणारे शाहीर.

म्हणजे पाहा, एकाने ओवी आणली, दुसऱ्याने तमाशा आणला, आणि कामगार चळवळीने तिघांना एकत्र गुंफले. पोवाड्याची रचना या कामाला फार सोयीची असते. मुख्य शाहीर कडवे उचलतो, मागचे झीलकरी 'जी जी' करीत सूर धरून ठेवतात, मधूनच शाहीर गाणे थांबवून गद्यात प्रसंग समजावून सांगतो आणि पुन्हा डफावर थाप पडते. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्यालाही वर्तमानपत्रातील बातमी कळते. १९४३ चा बंगालचा दुष्काळ, स्टालिनग्राडची लढाई, फाळणीच्या वेळचे पंजाब-दिल्लीतील दंगे, या साऱ्यांवर अण्णाभाऊंनी रचना केल्या. मुंबईतल्या चाळीतल्या बाईला बंगालातल्या भुकेल्या बाईचे दुःख सांगायचे तर व्याख्यान पुरत नाही, त्याला सूर लागतो. अमर शेखांचा पहाडी आवाज तो सूर देत असे.

१९४७ च्या त्या पेटलेल्या दिवसांचा विचार करा. हिंदू-मुसलमान एकमेकांच्या जिवावर उठले होते. अशा वेळी एक मातंग शाहीर दंग्यांविरुद्ध पोवाडा रचतो आणि त्याचा जोडीदार शाहीर मुसलमान असतो. व्यासपीठावरची ही जोडीच लोकांना पुष्कळ काही सांगून जात असणार.

आता या कलापथकाचा आपल्या मुलखाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो जरा दुखरा आहे. अण्णाभाऊंची 'तेलंगणाचा संग्राम' ही रचना आपल्याच हैदराबाद संस्थानातील शेतकऱ्यांच्या लढ्यावर होती. १९४६ ते १९५१ या काळात जमीनदारांविरुद्ध लढल्या गेलेल्या त्या लढ्याचे एक पुढारी उर्दूचे मोठे शायर मखदूम मोहिउद्दीन होते. मखदूम हैदराबादच्या सिटी कॉलेजात शिकवत होते. त्यांचा 'सुर्ख सवेरा' हा संग्रह १९४४ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे ज्या वर्षी लालबावटा कलापथक निघाले त्याच वर्षी. एकाच लढ्याविषयी मुंबईत मराठी शाहीर गात होते आणि हैदराबादेत उर्दू शायर लढत होता.

निजामाचे राज्य म्हणजे मुसलमानांचे राज्य, अशी समजूत त्या वेळी दोन्ही बाजूंनी पसरवली गेली. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातुरात वकिली करणारा. रझाकारांनी सामान्य रयतेवर अत्याचार केले. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली आणि त्यानंतर सूड उगवला गेला तो रझाकार नसलेल्या सामान्य मुसलमानांवरही. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या पथकाने त्याच वर्षी दौरा करून अहवाल दिला. सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड आणि त्या वेळी लातूर ज्यात होते तो उस्मानाबाद ही दोन नावे आहेत. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. २०१३ च्या सुमारास तो अभ्यासकांना पाहायला मिळू लागला.

या घावाचा परिणाम भाषेवरही झाला असे आम्हाला वाटते. राज्य गेले, सरकारी भाषा म्हणून उर्दू गेली. घाबरलेला समाज उर्दूला अधिकच घट्ट बिलगला आणि मराठी ही शेजाऱ्याची, कचेरीची, नोकरीची भाषा ठरली. वास्तविक खेड्यातला मुसलमान घरात दखनी आणि बांधावर मराठी बोलत होता. दोन्ही त्याच्याच होत्या. पण भीतीने माणूस आपल्या घराची एक खोली कुलूप लावून बंद करतो, तसे झाले.

अशा काळात अमर शेख यांचे काम फार मोलाचे ठरते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, तोवर शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली होती. या सगळ्या काळात सभा सुरू होण्याआधी लोक वाट पाहत ती शाहिरांची. 'माझी मैना गावावर राहिली' ही अण्णाभाऊंची छक्कड अमर शेख यांच्या आवाजात लोकांनी ऐकली. गावाकडे राहिलेल्या बायकोच्या विरहातून महाराष्ट्रापासून तुटलेल्या मुलखाचे दुःख सांगणारी ही रचना. मराठी भाषकांचे राज्य व्हावे म्हणून मुनेरबीचा मुलगा गळा फाडून गात होता. मुसलमानाच्या मराठीपणाचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

याच अमर शेखांनी १९५८ साली 'कलश' आणि १९६३ साली 'धरतीमाता' हे काव्यसंग्रह दिले, 'प्रपंच' (१९६१) या चित्रपटात काम केले, १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी संरक्षण निधीसाठी गाऊन पैसा गोळा केला. त्यांच्या कन्या मलिका अमर शेख मराठीतील नामवंत कवयित्री झाल्या. एका पिढीची मराठी ओवीत होती, दुसरीची पोवाड्यात आणि तिसरीची मुक्तछंदात, असा हा प्रवास आहे.

१९६९ च्या पावसाळ्यात हा सारा मेळा उठून गेला. १८ जुलैला अण्णाभाऊ गेले. २५ ऑगस्टला मखदूम गेले. २९ ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले. सहा आठवड्यांत तिघे. आमच्या अनुभवात उर्दू माध्यमाच्या मुलांना यांपैकी मखदूम हे नाव ठाऊक असते आणि मराठी माध्यमाच्या मुलांना अण्णाभाऊ. अमर शेख मात्र दोघांच्या मधल्या जागेत हरवतात. मराठीवाले त्यांना 'आपला शाहीर' म्हणतात आणि त्यांचे घर विसरतात. आपण त्यांना 'कम्युनिस्ट' म्हणतो आणि त्यांचे गाणे विसरतो.

यावर कोणी म्हणेल की अमर शेखांनी स्वतःला कधी 'मुस्लिम शाहीर' म्हणवून घेतले नाही. मग तुम्ही हा शिक्का का मारता? आक्षेप रास्त आहे. आम्हाला शिक्का मारायचा नाही. त्यांचे गाणे साऱ्या कष्टकऱ्यांचे होते आणि तसेच राहावे. आमचे म्हणणे इतकेच की तो आवाज ज्या घरात घडला ते घर आपल्यासारखे होते, आणि ही गोष्ट आपल्या मुलांना कळली पाहिजे.

जगात इतरत्रही असेच घडले आहे. १९४१ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये पीट सीगर, वुडी गथ्री आदी तरुणांनी 'अल्मनॅक सिंगर्स' नावाचा छोटा गट काढला. बँजो आणि गिटार घेऊन ते कामगारांच्या सभांत गात. त्या गथ्रीची गाणी ऐकून बॉब डिलन घडला आणि त्याने रॉक संगीतालाही नवे वळण दिले. तिकडच्या पोरांनी आपल्या शेतमजुरांची, आपल्या आजोळची गाणी उचलली म्हणून ते संगीत जगभर गेले. आज नांदेड आणि लातूरच्या कॉलेजांतील आपली मुलेही गिटार घेऊन गातात. घरातील वडीलधारे नाराज होतात. आम्हाला त्या गिटारची भीती वाटत नाही. मुलांनी जरूर वाजवावे. पण गाण्यात ओतायला स्वतःजवळ काय आहे, हे त्यांना ठाऊक असावे.

आणि आपल्याजवळ पुष्कळ आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातील जात्यावरच्या ओव्या जमवल्या. तो संग्रह एक लाखाच्या पुढे गेला आणि त्यात ओव्या देणाऱ्या मुसलमान बायाही आहेत. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत मोहरमच्या सवारीपुढे गायिली जाणारी गाणी आहेत. लग्नघरात हळदीच्या वेळी आपल्या बायका म्हणतात त्या गीतांत दखनी आणि मराठी अशी मिसळलेली असते की वेगळी काढता येऊ नये. जाती बंद पडली, पिठाच्या गिरण्या आल्या, आणि ओव्या म्हाताऱ्या बायांच्या आठवणीत तेवढ्या उरल्या. प्रत्येक मय्यतीबरोबर त्यातली काही कायमची मातीत जाते.

म्हणून आमची शिक्षक मंडळींना विनंती आहे. मराठीच्या तासाला व्याकरणाबरोबर एक काम मुलांना द्यावे. घरी जाऊन दादी-नानीला विचारा, जात्यावर बसल्यावर तुम्ही काय म्हणत होता? जे आठवेल ते मोबाईलवर टिपून घ्या आणि वहीत लिहा. उर्दू लिपीत लिहिले तरी हरकत नाही. मुनेरबीच्या ओव्या कोणी टिपून ठेवल्या असत्या तर अमर शेख कसे घडले हे आपल्याला त्यांतून वाचता आले असते. आपल्या मोहल्ल्यातील मुनेरबी अजून हयात आहेत.