ग्रेगरी आयझॅक्स : रेगेचा 'कूल रूलर' आणि गाण्याच्या मालकीचा प्रश्न

१/ रेगे म्हटले की बहुतेकांना बॉब मार्ली आठवतो आणि त्याच्यामागोमाग रास्ताफारी पंथ, गुलामगिरीची स्मृती, अन्यायाविरुद्धचा आवाज. परंतु ज्या किंग्स्टन शहरात हे संगीत जन्मले, तेथील घरांत, दुकानांत आणि रस्त्यावरच्या नृत्यसभांत प्रेमगीतेही तितक्याच आवडीने ऐकली जात. त्या प्रेमगीतांच्या अग्रगण्य गायकांपैकी एक म्हणजे ग्रेगरी आयझॅक्स. आपल्या आवाजावर आपलीच मालकी असावी, या हट्टाची आणि त्यासाठी मोजलेल्या किमतीची ही कहाणी आहे.

२/ आयझॅक्सचा जन्म १५ जुलै १९५१ रोजी किंग्स्टनच्या फ्लेचर्स लँड या वस्तीत झाला. वडील अमेरिकेला निघून गेले. आईने मुलांना वाढवले. पुढे कुटुंब पश्चिम किंग्स्टनमधील डेनहॅम टाउन या गरीब भागात राहू लागले. ६ ऑगस्ट १९६२ रोजी जमैका ब्रिटिश सत्तेतून स्वतंत्र झाली, तेव्हा ग्रेगरी अकरा वर्षांचा होता. त्या काळी गाणाऱ्या गरीब पोरांसाठी एक वाट हमखास खुली असे : गायनस्पर्धा. त्याच वाटेने तोही पुढे आला.

३/ पुढचे सारे समजण्यासाठी जमैकातील तबकड्यांचा धंदा समजून घ्यायला हवा. निर्माता स्टुडिओ भाड्याने घेई, वादकांना पैसे देई आणि गायकाच्या हातावर बहुधा एकरकमी बिदागी ठेवी. गाणे गाजले तरी गायकाला पुढे काही मिळेलच याची शाश्वती नसे. स्वतंत्र देशाचा स्वतःचा कॉपीराइट कायदा आला तो थेट १९९३ मध्ये. तोवर १९११ चा ब्रिटिश कायदाच लागू होता. कागदावर हक्क होते, व्यवहारात ते गायकापर्यंत क्वचितच पोहोचत.

४/ १९६८ मध्ये आयझॅक्सची पहिली तबकडी निघाली. निर्माता बायरन ली, सहगायक विन्स्टन सिंक्लेअर, गाणे 'अनदर हार्टएक'. ती फारशी खपली नाही. त्यानंतर 'द कॉनकॉर्ड्स' हे तिघांचे गायकमंडळ झाले. १९७० मध्ये तेही फुटले. मात्र हीच ती वर्षे, जेव्हा 'रॉकस्टेडी' ही संथ नृत्यशैली मागे पडून रेगे आकाराला येत होते.

५/ रेगेची लय थोडक्यात अशी : चार मात्रांच्या आवर्तनात पहिल्या मात्रेवर ढोल गप्प राहतो आणि जोर तिसऱ्या मात्रेवर पडतो. गिटारचे तुटक आघात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येतात. खाली बेस गिटार जवळजवळ स्वतंत्र चाल गात असते. या रचनेत मधे भरपूर मोकळी जागा उरते. ती जागा न भरता तिच्यात रेंगाळणारा गळा आयझॅक्सकडे होता.

६/ १९७३ मध्ये त्याने एरल डंकली या तरुण गायकाच्या साथीने 'आफ्रिकन म्युझियम' नावाचे लेबल आणि तबकड्यांचे दुकान काढले. गायकानेच निर्माता व्हायचे आणि गायकानेच विक्रेता, असा हा बेत होता. असा प्रयत्न करणारा तो पहिला नव्हता. प्रिन्स बस्टरसारखे कलावंत आधीच स्वतःची दुकाने चालवत होते. पण बावीस वर्षांच्या, नाव नसलेल्या गायकासाठी हे धाडसच होते. याच लेबलवरचे 'माय ओन्ली लव्हर' गाजले आणि बेत खरा ठरला.

७/ अडचण भांडवलाची होती. स्वतःच्या तबकड्या काढायच्या तर पैसा हवा. तो मिळवण्यासाठी आयझॅक्स इतर निर्मात्यांकडे बिदागीवर गाऊ लागला. १९७४ मध्ये आल्विन रँगलिनसाठी गायलेले 'लव्ह इज ओव्हरड्यू' जमैकात पहिल्या क्रमांकावर गेले. १९७५ मध्ये 'इन पर्सन' हा संग्रह आला. ज्या व्यवस्थेतून सुटायचे, तिच्याकडूनच सुटकेचा खर्च भागवायचा, असा हा व्यवहार होता. तो त्याला आयुष्यभर चिकटला.

८/ त्याच्या गाण्यात काय होते? संस्कृत काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर तो विप्रलंभ शृंगाराचा गायक होता. प्रेयसी जवळ नाही, रुसली आहे किंवा निघून गेली आहे; आणि हा पुरुष दार न ठोठावता दाराबाहेर उभा आहे. आवाज किंचित अनुनासिक, तानांचा सोस नाही, वेदना वाढली की स्वर उंचावण्याऐवजी खाली उतरतो. पौरुषाचा तोरा मिरवणाऱ्या समाजात पुरुषाने आपले दुबळेपण असे उघड करणे, ही त्याची ओळख ठरली.

९/ या प्रेमात गरिबीही असे. डॉबी डॉबसनचे 'लव्हिंग पॉपर' हे जुने गाणे आयझॅक्सने नव्याने गायले. त्यातील प्रियकराकडे प्रेमाखेरीज देण्यासारखे काहीच नाही. डेनहॅम टाउनच्या श्रोत्याला ही कविकल्पना वाटली नसावी. ती त्याचीच परिस्थिती होती.

१०/ काळही कठीण होता. मायकेल मॅन्ली यांचा पीपल्स नॅशनल पार्टी आणि एडवर्ड सीगा यांचा जमैका लेबर पार्टी या दोन पक्षांच्या वैरात पश्चिम किंग्स्टनच्या वस्त्या वाटल्या गेल्या होत्या. १९७६ मध्ये आणीबाणी पुकारली गेली. १९८० च्या निवडणूकवर्षात शेकडो माणसे मारली गेली. कोणत्या गल्लीत कोणी जावे हे बंदुका ठरवत. अशा शहरात प्रेमगीत ही दोन्ही बाजूंच्या माणसांना एकाच नृत्यसभेत उभे करू शकणाऱ्या मोजक्या गोष्टींपैकी एक होती.

११/ म्हणून 'प्रेमाचा गायक' आणि 'निषेधाचा गायक' अशी विभागणी आयझॅक्सला लागू पडत नाही. गुलामांच्या मालकाला उद्देशून असलेले 'स्लेव्ह मास्टर' हे त्याचेच गाणे. १९७८ च्या 'रॉकर्स' या चित्रपटात तो ते गाताना दिसतो. चित्रपटाचा नायक एक वादक आहे. तबकड्या दुकानोदुकानी पोहोचवून चार पैसे कमवावेत म्हणून तो मोटारसायकल घेतो आणि ती चोरीला जाते. संगीत निर्माण करणाऱ्यांना त्या संगीताच्या बाजारात जागा का मिळत नाही, हाच त्या कथेचाही विषय आहे.

१२/ दरम्यान लंडनमध्ये या प्रेमगीतांना दुसरे घर मिळाले. १९४८ नंतर कॅरिबियन बेटांतून ब्रिटनमध्ये आलेल्यांची मुले तरुण झाली होती. अनेक क्लबांची दारे त्यांना बंद असत, म्हणून घरांच्या तळघरांत आणि दिवाणखान्यांत नृत्यरात्री भरत. तेथे 'लव्हर्स रॉक' ही मृदू शैली रुजली. १९७५ मध्ये लुइसा मार्क या शाळकरी मुलीचे गाणे गाजले. १९७९ मध्ये जॅनेट केचे 'सिली गेम्स' ब्रिटिश यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. या श्रोत्यांना आयझॅक्स आधीपासूनच आपला वाटत होता.

१३/ मोठ्या कंपन्यांनाही ते दिसले. व्हर्जिनच्या 'फ्रंट लाइन' लेबलने १९७८ मध्ये त्याचा 'कूल रूलर' आणि १९७९ मध्ये 'सून फॉरवर्ड' हे संग्रह काढले. 'कूल रूलर', म्हणजे शांतपणे राज्य करणारा, हे बिरुद पुढे त्याला कायमचे चिकटले. विक्री मात्र अपेक्षेइतकी झाली नाही. मे १९८१ मध्ये मार्लीचे निधन झाले आणि त्यानंतर आयझॅक्स मार्लीच्याच 'आयलंड' कंपनीकडे आला.

१४/ १९८२ चा 'नाइट नर्स' हा त्याचा सर्वांत प्रसिद्ध संग्रह. ध्वनिमुद्रण मार्लीच्या टफ गाँग स्टुडिओत, साथीला रूट्स रॅडिक्स हा वाद्यवृंद. प्रेमाने आजारी पडलेला माणूस डॉक्टर नको, रात्रपाळीची परिचारिकाच हवी म्हणतो, एवढीच शीर्षकगीताची कल्पना. संग्रह ब्रिटनच्या यादीत ३२ व्या क्रमांकावर गेला. शीर्षकगीत यादीत न येताही क्लबांत आणि रेडिओवर अखंड वाजत राहिले.

१५/ पण याच वर्षी तो तुरुंगात गेला. विनापरवाना बंदुका बाळगल्याबद्दल त्याला किंग्स्टनच्या तुरुंगात सहा महिन्यांची शिक्षा भोगावी लागली. शस्त्रे स्वसंरक्षणासाठी होती, असे त्याचे म्हणणे होते. मात्र तोवर कोकेनने त्याला ग्रासले होते. १९८३ मध्ये सुटकेनंतरचा 'आउट डे!' हा संग्रह आला आणि 'आयलंड'बरोबरचा अध्याय तेथेच संपला. जागतिक कीर्तीचे दार उघडले होते, तेव्हाच तो त्यातून आत जाऊ शकला नाही.

१६/ यानंतर तो जवळजवळ कोणत्याही निर्मात्यासाठी गाऊ लागला. रोख पैसे द्या, गाणे घ्या. त्याच्या नावावरच्या संग्रहांची संख्या, संकलने धरून, काही शेकड्यांत जाते. त्यांतील अनेक घाईचे आहेत. येथे व्यसनाचा वाटा उघड आहे. पण बिदागीची जुनी पद्धतही विसरता येत नाही. कालच्या गाण्याचा पैसा नियमाने येत नसेल, तर गायकाला रोज नवे गाणे विकावे लागते. 'आफ्रिकन म्युझियम' काढून जी साखळी तोडायची होती, तीच अधिक घट्ट झाली.

१७/ तरीही तो संपला नाही. १९८५ मध्ये 'स्लेंग टेंग'च्या यशानंतर कॅसिओसारख्या कीबोर्डने जमैकाचे संगीत बदलून टाकले; मागच्या पिढीचे अनेक गायक बाजूला पडले. आयझॅक्सने १९८८ मध्ये गसी क्लार्कसाठी 'रूमर्स' गायले. ठेका यंत्राचा, गळा तोच संथ, गाणे गाजले. त्याच ठेक्यावर जे. सी. लॉज या गायिकेचे 'टेलिफोन लव्ह'ही लोकप्रिय झाले.

१८/ १९९७ मध्ये 'सिम्पली रेड' या ब्रिटिश वृंदाने स्लाय आणि रॉबी यांच्यासह 'नाइट नर्स' पुन्हा गायले आणि ते ब्रिटनमध्ये १३ व्या क्रमांकावर पोहोचले. मूळ गाण्याला जे स्थान मिळाले नव्हते, ते दुसऱ्याच्या आवाजात मिळाले. मात्र आयझॅक्स या गाण्याचा सहलेखकही होता. गायकाची बिदागी एकदाच मिळते. लेखक म्हणून नोंदलेले नाव गाणे कोणीही गायले तरी त्याच्यासोबत जाते. मालकीचा अर्थ याहून स्पष्ट दिसणे कठीण.

१९/ अखेरच्या वर्षांत दात गेले, आवाज खरखरीत झाला. व्यसनाबद्दल तो उघडपणे बोलू लागला. ती अतिशय महागडी शाळा होती, अशा आशयाचे त्याचे उद्गार आहेत. २००८ मध्ये 'ब्रँड न्यू मी' हा संग्रह आला. २५ ऑक्टोबर २०१० रोजी लंडनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले. झिम्बाब्वेचा गायक किंग आयझॅक याच्यासह केलेल्या संग्रहाला त्यानंतर ग्रॅमीचे नामांकन मिळाले.

२०/ जमैकाच्या संगीताचा इतिहास बहुधा बंडाच्या गाण्यांतून सांगितला जातो. आयझॅक्सचे जीवन त्यात दोन गोष्टींची भर घालते. हिंसेने वाटल्या गेलेल्या शहरात हळुवारपणे बोलता येणे हीसुद्धा एक सामाजिक कामगिरी होती. आणि ज्यांचे आवाज जगभर विकले गेले, त्यांतील बहुतेकांना त्या आवाजाचा हिशेब कधी पाहायला मिळाला नाही. बावीस वर्षांच्या एका गायकाने तो हिशेब स्वतःच्या दुकानात मांडायचा प्रयत्न केला. त्याच्या प्रेमगीतांइतकीच त्या दुकानाचीही नोंद इतिहासात असायला हवी.