पाचर

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरात सर्वांच्या आधी जागा होई तो तांब्याचा बंब. उटणे, सुगंधी तेल, फुलबाज्या ही सारी मागाहूनची मंडळी. बंबाच्या नळकांड्यात उतरतील अशा बारीक चिरफळ्या आदल्या दिवशीच फोडून ठेवाव्या लागत. वखारीत त्यांना नावच पडले होते 'बंबफोड'.

आमच्या शिरूर-दौंडकडे पाऊस बेताचा. भीमा आणि घोड यांच्या काठची खरी संपत्ती म्हणजे बाभूळ. चांगले खोड नांगराला आणि गाडीच्या चाकाला जाई, उरलेले चुलीत. हे लाकूड फोडणे म्हणजे नुसते अंगबळ नव्हे. जाणता गडी आधी ओंडक्याच्या तोंडावरच्या भेगा पाही, गाठ चुकवी, कुऱ्हाडीने चीर पाडी आणि तीत पाचर बसवून वर घणाचा घाव घाली. घाव पडे वरून खाली, पण पाचरीच्या उतारामुळे लाकूड रेटले जाई दोन्ही बाजूंना, आणि ते आपल्याच रेषेने उकले. युक्ती फार जुनी! पंचतंत्रातले ते आगाऊ वानर अर्धवट चिरलेल्या ओंडक्यातली पाचर उपटून प्राणास मुकले, हे मुलांनाही ठाऊक आहे. 'मारली पाचर' असे आपण म्हणतो, तेव्हा मात्र बिचारे लाकूड कोणालाच आठवत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शिरूरला इंग्रजांची छावणी होती. १८१८ च्या जानेवारीत कोरेगावला लढलेली पलटण तेथूनच निघाली. छावणी म्हटली की जळणाच्या गाड्या आल्याच. पुढे १८५८ साली पुण्याहून दिकसाळपर्यंत लोहमार्ग झाला, १८७८ साली मनमाडचा फाटा जोडला गेला, आणि दौंड जंक्शन बनले. आता कोळशाचे राज्य आले, असे वाटावे. पण थंड पडलेल्या इंजिनातला दगडी कोळसा काडीने थोडाच पेटतो? त्याखाली आधी फोडलेले लाकूड घालावे लागे. एवढा धिप्पाड वाफेचा राक्षस, पण त्याची न्याहारीसुद्धा कुऱ्हाडीवाचून होत नसे! गुऱ्हाळांनी तेवढे आपले जळण उसाच्या चिपाडातच शोधले.

यंत्र आले ते वखारीत, करवतीच्या रूपाने. पण करवत लाकूड कापते, फोडत नाही. तंतूंची दिशा तिला विचारावी लागत नाही; मोबदल्यात ती भुसा मागते. तोही आपल्या गृहिणींनी वाया जाऊ दिला नाही. भुशाच्या शेगड्या ठासून भरल्या.

खरे फोडणारे यंत्र निराळेच. १७९५ साली इंग्लंडात जोसेफ ब्रामाने द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याच तत्त्वावर आज दट्ट्या ओंडक्याला रेटतो, समोर पोलादी पाचर घट्ट उभी असते, आणि वीस-पंचवीस टनांच्या दाबापुढे गाठही शरण येते. म्हणजे पाचर तीच. घण तेवढा बदलला. मी कुऱ्हाडीचा भाट नाही. घणाने सोललेले तळवे आणि डोळ्यात उडालेली ढलपी ज्यांच्या वाट्याला आली, त्यांना या यंत्राचे मोल कळेल. दुःख एवढेच की, त्यांच्या दारी ते कधी आलेच नाही. ते गेले थंड मुलुखातल्या, अंगणात मोटार असलेल्या घरांकडे. तेथे लाकूड ऊब घेण्यासाठी जाळतात. आमच्याकडे रोजच्या भाकरीसाठी ते फोडणाऱ्या बाईचा विचार हे यंत्र घडवणाऱ्यांना शिवला नसावा.

तिच्या चुलीशी गॅस आला. २०१६ च्या उज्ज्वला योजनेत गरीब घरांतल्या स्त्रियांच्या नावे जोडण्या मिळाल्या. पण टाकी संपली आणि हातात पैसे नसले, की तिला पुन्हा ओढ्याकडे जावे लागते. तेथे वेडी बाभूळ माजलेली. काटेरी, वाकडी, मनगटाएवढ्या फांद्यांची. दट्ट्यापुढे सरळ ठेवण्याजोगा ओंडका तीत क्वचितच निघतो. ती कोयत्यानेच तोडायची, आणि मोळी डोक्यावरून आणायची.