धार कोणाच्या हातात?

पोलाद पोलादाने कापता येते, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातले कोडे सहसा लक्षात येत नाही. लेथवर फिरणारा जॉब पोलादाचा आणि त्याची सालपटे काढणारे टूलही पोलादाचे. मग कोणी कोणाला कापायचे, हे कशावरून ठरते? या प्रश्नाचे उत्तर कधी कारागिराच्या हातात होते, कधी कुलपातल्या गुपितात, तर कधी छापील कोष्टकात. उत्तर एका ठिकाणाहून दुसरीकडे गेले तेव्हा काही मिळाले आणि काही हरवले. त्या प्रवासाची हकीकत आपण पाहणार आहोत. सुरुवात मात्र एका अगदी छोट्या कामापासून करू.

घरच्या शेडमधले तासाभराचे काम

घराच्या मागच्या शेडमध्ये लहानसा लेथ बसवून वाफेची छोटी इंजिने किंवा घड्याळे बनवण्याचा छंद इंग्लंडमध्ये जुना आहे. अशा हौशी लोकांसाठी चार्ल्स होल्ट्झॅफेल याने लेथकामावर एक मोठा ग्रंथ लिहायला घेतला. त्याचा पहिला खंड १८४३ साली निघाला. १८४६ सालचा दुसरा खंड कापणाऱ्या हत्यारांना वाहिलेला होता. पुढे जानेवारी १८९८ मध्ये पर्सिव्हल मार्शल याने 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक सुरू केले.

या छंदात एक अडचण हटकून येते. हव्या त्या मापाचे किंवा आकाराचे हत्यार बाजारात मिळत नाही. समजा, एका छोट्या सिलिंडरला सपाट तळाचे, अगदी सरळ आणि आडमापाचे भोक पाडायचे आहे. नेहमीचे ड्रिल भरकटते आणि तळाशी शंकूसारखा खड्डा सोडते. मग हा हौशी कारागीर 'सिल्व्हर स्टील'ची त्याच व्यासाची कांडी घेतो. या पोलादात चांदी नसते, नाव केवळ त्याच्या चकाकीवरून पडले आहे. कार्बन मात्र सुमारे १ टक्का असतो. कांडीच्या टोकाकडचा भाग तो कानशीने निम्म्या जाडीपर्यंत घासून काढतो, म्हणजे तिथला छेद इंग्रजी 'डी' अक्षरासारखा होतो. टोकालाही थोडा तिरकस उतार देतो, नाहीतर धारेमागचा भाग जॉबला घासत राहील. या उताराला कारखान्यात क्लिअरन्स म्हणतात.

आकार तयार झाला, पण हत्यार अजून मऊ आहे. आता त्याला पाणी द्यायचे. टोक चेरीसारखे लाल होईपर्यंत, म्हणजे सुमारे ७८० अंश सेल्सियसपर्यंत तापवून ते झटकन पाण्यात किंवा तेलात बुडवायचे. थर्मामीटर नसला तरी अडत नाही. ७७० अंशांच्या आसपास लोखंड चुंबकाला चिकटेनासे होते. लोहचुंबक लावला, तो चिकटला नाही आणि त्यानंतर रंग किंचित उजळला, की वेळ झाली असे समजायचे.

बुडवलेले टोक काचेसारखे कठीण होते, आणि काचेसारखेच ठिसूळही. म्हणून ते घासून चकचकीत करायचे आणि पुन्हा हळूहळू तापवायचे. आता पृष्ठभागावर रंग सरकू लागतात. २३० अंशांजवळ फिका गवती पिवळा, २५५ च्या सुमारास तपकिरी, नंतर जांभळा आणि ३०० अंशांजवळ निळा. लेथच्या टूलसाठी पिवळ्यावर थांबायचे, स्प्रिंगसाठी निळ्यापर्यंत जायचे. कठीणपणा थोडा सोडून चिवटपणा मिळवण्याचा हा व्यवहार आहे.

यामागचे विज्ञान असे. लाल तापलेल्या लोखंडात अणूंची मांडणी बदलते आणि कार्बनचे अणू तिच्यात सामावले जातात. सावकाश निवू दिले तर कार्बन बाहेर पडून वेगळे संयुग बनवतो, आणि पोलाद मऊ राहते. एकदम थंड केले तर कार्बनला बाहेर पडायला सवडच मिळत नाही. तो अडकून राहतो, स्फटिकांची जाळी ताणली जाते आणि पोलाद कठीण होते. पुन्हा थोडे तापवल्यावर हा ताण काहीसा सैलावतो. पृष्ठभागावरचे रंग मात्र पोलादाचे नसून त्यावरच्या ऑक्साईडच्या पातळ थराचे असतात. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात तसेच.

घड्याळजीचे पोलाद

हे कौशल्य लोहारांना शतकानुशतके माहीत होते. आपल्याकडचा लोहार विळ्याला किंवा छिन्नीला 'पाणी देतो' तो हाच प्रकार. पण हात कितीही तयार असला, तरी मुळात पोलाद एकसारखे नसेल तर धार टिकणार कशी? अठराव्या शतकातले इंग्लिश पोलाद लोखंडाच्या पट्ट्या कोळशात दीर्घकाळ तापवून बनवत. पट्टीच्या बाहेरच्या भागात कार्बन जास्त मुरे, आत कमी.

डॉनकास्टरचा घड्याळजी बेंजामिन हंट्समन (१७०४-१७७६) याला घड्याळाच्या स्प्रिंगसाठी चांगले पोलाद हवे होते. शेफील्डजवळ राहायला येऊन त्याने १७४० च्या दशकात बंद मुशीत पोलाद पूर्ण वितळवण्याची पद्धत बसवली. वितळल्यामुळे कार्बन सगळीकडे सारखा पसरला. हे पोलाद फार कठीण म्हणून शेफील्डच्या चाकूवाल्यांनी आधी नाकारले आणि ते फ्रान्समध्ये खपले, असे सांगतात.

मुशीतले पोलाद दक्षिण भारतात त्याच्या कितीतरी आधीपासून बनत होते. त्याचे नाव वुट्झ. मुंबईत राहणाऱ्या डॉ. हेलेनस स्कॉट याने १७९४ साली त्याचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पाठवले, आणि १७९५ साली जॉर्ज पिअर्सन याने त्यांवर निबंध सादर केला. हे पोलाद इतके चांगले का, या कुतूहलाने पुढे तरुण मायकेल फॅरेडे आणि जेम्स स्टोडार्ट नावाचा चाकू आणि शस्त्रक्रियेची हत्यारे बनवणारा कारागीर यांनी पोलादात इतर धातू मिसळून पाहिले. त्यांचा निबंध १८२० साली प्रसिद्ध झाला. रसायनशास्त्रज्ञ आणि कारागीर एकाच भट्टीपाशी उभे राहिल्याचे हे चांगले उदाहरण आहे.

कुलपातले गुपित

साध्या कार्बन पोलादाची एक मर्यादा असते. धातू कापताना घर्षणाने धार तापते. ती दोनशे-अडीचशे अंशांच्या वर गेली की दिलेले पाणी उतरते, धार बसते. त्यामुळे लेथ हळूच चालवावा लागे.

१८६८ साली इंग्लंडमधल्या 'फॉरेस्ट ऑफ डीन' या जंगलपट्टीत रॉबर्ट मुशेट (१८११-१८९१) याने टंगस्टन आणि मँगॅनीज असलेले एक पोलाद बनवले. ते तापवून नुसते हवेत ठेवले तरी कठीण होई, आणि कापताना जास्त उष्णता सहन करी. मुशेटने त्याची कृती जाहीर केली नाही, पेटंटही घेतले नाही. पुढे हे पोलाद शेफील्डला सॅम्युएल ऑसबर्न यांच्या कारखान्यात तयार होऊ लागले, तरी कृती गुप्तच राहिली. लोक ते विकत घेत आणि वापरत. ते तसे का वागते हे मात्र वापरणाऱ्याला कळत नसे.

आठ लाख पौंड सालपटे

अमेरिकेत फ्रेडरिक टेलर (१८५६-१९१५) हा स्वतः उमेदवारी करून यंत्रकाम शिकलेला होता. फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात असताना १८८० साली त्याने धातू कापण्यावर प्रयोग सुरू केले. सहा महिन्यांत ते आटोपतील अशी त्याची कल्पना होती. चालले ते २६ वर्षे. तोवर आठ लाख पौंडांहून अधिक लोखंड-पोलादाची सालपटे झाली होती. टूलचा आकार, कापाची खोली, वेग अशा बारा गोष्टींचा परिणाम त्याने तपासला. टोकदार टूलपेक्षा गोल नाकाचे टूल जास्त वेगाने चालते, आणि धारेवर पाण्याची जोरदार धार सोडली तर वेग बराच वाढवता येतो, हे त्याने मोजून दाखवले.

सर्वांत मोठा शोध १८९८ ते १९०० या काळात बेथलेहेम कारखान्यात लागला. तिथे टेलर आणि धातुतज्ज्ञ माँसेल व्हाइट यांनी टंगस्टन-क्रोमियमचे पोलाद वेगवेगळ्या तापमानाला तापवून पाहिले. ठरावीक लालीपुढे तापवले की टूल बिघडते, ही कारागिरांची पक्की समजूत होती. साडेआठशे अंशांच्या आसपास ती खरीही ठरली. पण त्याहून कितीतरी वर, जवळजवळ वितळण्याच्या बेतापर्यंत नेल्यावर टूल अपूर्व चांगले झाले. तिथवर कोणी जाणूनबुजून गेलेच नव्हते. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात टूलचे टोक लाल तापलेले आणि निळी सालपटे उडत आहेत, असे दृश्य लोकांनी पाहिले. हेच 'हायस्पीड स्टील'. सुमारे ६०० अंशांपर्यंत त्याची धार टिकते.

१९०६ साली टेलरने आपले सगळे निष्कर्ष मांडले. त्यांतले एक सूत्र वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना सोडवून पाहता येईल. कापण्याचा वेग आणि टूलच्या आयुष्याचे आठवे मूळ यांचा गुणाकार स्थिर राहतो. म्हणजे वेग दहा टक्के वाढवला की टूलचे आयुष्य निम्म्याहून कमी होते. वेग दुप्पट केला तर ते २५६ पटींनी घटते.

काय मिळाले, काय गेले

टेलरपूर्वी प्रत्येक टर्नर आपले टूल आपल्या पद्धतीने ग्राइंड करी. टेलरने हे काम त्याच्याकडून काढून टूलरूमकडे दिले. आकार ठरावीक, वेग ठरावीक, कामाचा वेळही घड्याळावर ठरलेला. उत्पादन वाढले. पण यंत्रावरच्या माणसाला 'असे का' हे माहीत असण्याची गरज उरली नाही. १९११ साली वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्र कारखान्यात कामगारांनी या घड्याळाविरुद्ध संप केला, आणि अमेरिकन संसदेला या पद्धतीची चौकशी करावी लागली.

टेलर चूक होता असे आम्ही म्हणणार नाही. परंपरेची समजूत कुठे खरी आणि कुठे अपुरी, हे त्याच्या मोजमापानेच कळले. पण मोजमाप एकाकडे आणि हात दुसऱ्याकडे, अशी वाटणी होण्याची काही निकड नव्हती. टूलचा कोन का बदलला हे टर्नरलाही समजावता आले असते. घरच्या शेडमध्ये ही वाटणी होतच नाही. एचएसएसचा चौकोनी तुकडा ग्राइंडरवर धरून कोन देणारा आणि त्या कोनाचे फळ भोगणारा माणूस एकच असतो. कोन चुकला तर पुढच्या मिनिटाला जॉबवर दिसते.

शाळेतही ही वाटणी आपण रोज पाहतो. कार्यानुभव एका तासाला, विज्ञान दुसऱ्या. ती थोडी पुसायची असेल तर शिवणाच्या तीन सुया पुरे. शिक्षकांनी स्वतः, डोळ्यांवर गॉगल लावून, तिन्ही सुया एकेक करून चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर लाल कराव्यात. पहिली हवेत सावकाश निवू द्यावी. दुसरी आणि तिसरी लाल असतानाच पाण्यात टाकावी. तिसरी मग पॉलिश कागदाने घासून निळी होईपर्यंत हलकेच तापवावी. पहिली वाकेल आणि वाकलेलीच राहील. दुसरी पटकन तुटेल. तिसरी वाकून पुन्हा सरळ होईल. हंट्समनला घड्याळासाठी हवी होती ती हीच स्प्रिंग. सूत्र त्यानंतर फळ्यावर लिहावे, म्हणजे ते कशाबद्दल आहे हे मुलांना सांगावे लागणार नाही.