सी-२० अँटीबॉडी: शोधायचा होता रिसेप्टर, सापडलं भलतंच प्रथिन

घरात कुणी डायलिसिसवर असेल, तर इपीओ हे नाव ओळखीचं असतं. मूत्रपिंडात तयार होणारं एरिथ्रोपोएटिन हे हार्मोन अस्थिमज्जेला लाल रक्तपेशी वाढवायला सांगतं. मूत्रपिंड निकामी झालं की ते इंजेक्शनने द्यावं लागतं. (सायकल शर्यतींमधल्या डोपिंगच्या बातम्यांत येणारं इपीओ ते हेच.) हा निरोप पेशी स्वीकारते ती आपल्या पटलात बसलेल्या एका प्रथिनामार्फत. ते प्रथिन म्हणजे इपीओ रिसेप्टर, आणि ते शोधण्यासाठी संशोधक जी अँटीबॉडी सर्रास वापरत, ती सी-२०.

अशी अँटीबॉडी ठरावीक प्रथिनाच्या एका छोट्या भागाला चिकटते. ऊतीच्या पातळ कापावर ती सोडायची, तिला रंग येईल अशी रसायनं घालायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. रंग दिसला, म्हणजे प्रथिन आहे असं धरलं जातं. अडचण ही, की तसाच भाग दुसऱ्या एखाद्या प्रथिनावर असला तर रंग तिथेही चढतो.

कॅन्सरशी संबंध काय?

केमोथेरपीने हिमोग्लोबिन घसरतं, म्हणून कॅन्सरच्या रुग्णांनाही इपीओ दिलं जाई. २००३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या ३५१ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. इपीओ घेतलेल्यांचं हिमोग्लोबिन वाढलं, पण आजार मात्र इतरांपेक्षा कमी आटोक्यात राहिला. औषध गाठीलाच खतपाणी घालतंय का? गाठीतल्या पेशींवर रिसेप्टर असेल, तर ते शक्य होतं. सी-२०ने रंगवलेले अनेक नमुने 'आहे' असं सांगत होते.

२००६ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅम्जेनच्या शास्त्रज्ञांनी 'ब्लड' या नियतकालिकात ही अँटीबॉडीच तपासून दाखवली. इपीओ रिसेप्टरचं वजन सुमारे ५९ किलोडाल्टन. सी-२० मात्र सुमारे ६६ किलोडाल्टनच्या प्रथिनांना चिकटत होती. त्यात एचएसपी७० हे प्रथिन निघालं. ते ताणाखाली असलेल्या पेशींत वाढतं आणि अनेक गाठींतही भरपूर असतं. म्हणजे रंग खरा होता, त्याचा लावलेला अर्थ चुकीचा. अ‍ॅम्जेन स्वतः इपीओ विकते, तेव्हा हा निष्कर्ष तिच्या सोयीचा होता, हे विसरून चालणार नाही. पण प्रथिनाचं वजन कोणत्याही प्रयोगशाळेत पडताळता येतं.

यामुळे औषध निर्दोष ठरलं का? नाही. २००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या औषधांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. त्याला आधार होता तो रुग्णांवरच्या चाचण्यांचा. अँटीबॉडीच्या गोंधळाने फक्त 'असं का घडतं?' या प्रश्नाचं उत्तर लांबवलं.

पुढे २०१० मध्ये त्याच कंपनीने ए८२ ही नेमकी अँटीबॉडी मांडली. आता अशा अँटीबॉडीची कसोटी साधी मानतात: ज्या पेशींतून त्या प्रथिनाचं जनुकच काढून टाकलंय, त्यांच्यावर ती वापरायची. तरीही रंग चढला, तर ती दुसरंच काहीतरी पकडते आहे.